बुटक्या पायऱ्यांचा जिना

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस जिन्यात अडखळायचाच. त्यात त्याची काही चूक नसे. जिना चढताना पाय किती उचलायचा हे माणूस ठरवत नाही, पायच आपापलं ठरवतो, आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्या इतक्या बुटक्या होत्या की सवयीने उचललेला पाय पायरीच्या बराच वर जाई आणि मग धप्पकन खाली येई. बाबांच्या हपिसातले मोठे साहेब एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला आले होते, ते तर सबंध जिनाभर हवेत पावलं टाकत लेझीम खेळल्यासारखे वर आले. मी आणि माझा धाकटा भाऊ कठड्याआड तोंड दाबून हसत होतो आणि बाबा डोळ्यांनी दटावत होते. बाबांना स्वतःलाही हसू आवरत नव्हतं, हे त्यांच्या मिशीवरून कळत होतं. वाडीतल्या माणसांचे पाय मात्र त्या जिन्याला सरावलेले होते. कारण सोपं होतं. वाडीतला जवळजवळ प्रत्येक जण आईच्या पोटात असताना हा जिना चढला होता आणि तिच्या कुशीत असताना उतरला होता.

गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी असलेलं ते प्रसूतिगृह. दगडी जोत्यावरचं एकमजली सागवानी घर, रस्त्याच्या बाजूला नक्षीचा लाकडी सज्जा, खिडक्यांना वरच्या अंगाला हिरव्या-पिवळ्या काचा. दारावर ते बांधणाऱ्या शेटजींचं लांबलचक नाव कोरलेलं होतं, पण त्या नावाने त्याला कुणी ओळखत नसे. सगळे म्हणत ‘बाळंतिणींची माडी’. टपाल सुद्धा त्याच पत्त्यावर बिनबोभाट येई. खाली तपासणीची खोली, कोठीघर आणि स्वयंपाकघर. वर हवेशीर मोठी खोली, तिच्यात खाटा आणि पाळणे, तिच्या पलीकडे बाळंतपणाची खोली, आणि पार मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या. माझी आई तिथली मुख्य नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. बाबासुद्धा चारचौघांत तिला सिस्टरच म्हणत, आणि घरात रागावले असतील तर मुद्दाम म्हणत.

त्या घरात मी वाढले, म्हणजे रडण्याच्या आवाजात वाढले. इतरांच्या घरी सकाळी रेडिओ लागे, आमच्याकडे पलीकडच्या खोलीत एक बाळ सूर लावी आणि मग एकेक करून सगळी त्याला साथ देत. त्या गोंधळात मी दहावीचा अभ्यास केला. अजूनही अगदी शांत जागी मला धड वाचता येत नाही. माझी सून हेडफोन लावून बसते आणि मी भाजीवाल्यांची भांडणं ऐकत पुस्तक वाचते. आवाजाच्या जोडीला वास. दुपारी बाळांना धुरी द्यायचे, त्यात ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि धूप. तो वास माझ्या केसांत, गणवेशात, वह्यांत भरलेला असे. वर्गातल्या मुली मला ‘बाळंतीण’ म्हणून चिडवत आणि मधल्या सुट्टीत मात्र माझ्याच डब्यावर पहिल्या तुटून पडत. कारण खालच्या स्वयंपाकघरातल्या काशीकाकू बाळंतिणींसाठी जे करत, त्यातलं थोडं आमच्या वाट्याला येईच. डिंकाचे लाडू, नारळाच्या दुधातली अळिवाची खीर, मऊ भातावर तूप-मेतकूट, शेपूची भाजी, लसणीचं तिखट. लग्नाआधीच मी इतकं बाळंतपणाचं खाल्लं होतं की माझ्या स्वतःच्या बाळंतपणात सासूबाई कौतुकाने डिंकाचे लाडू घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, मला जरा भेळ मिळेल का.

आईचं खरं काम बाळंतपणाच्या खोलीत सुरू होई असं लोकांना वाटे. मला विचाराल तर ते जिन्याच्या पायथ्याशी सुरू होई. कळा सुरू झालेली बाई टॅक्सीतून नाहीतर घरच्यांच्या हाताला धरून चालत येई, तेव्हा आई खाली जाऊन तिचा ताबा घेई. नवऱ्याला, आईला, सासूला ती बाकावर बसवी आणि त्या बाईला एकटीला घेऊन जिना चढू लागे. त्या जिन्याच्या पायऱ्या बुटक्या होत्या तशाच रुंदही होत्या, आणि भिंतीच्या बाजूला दोन कठडे होते, एक नेहमीच्या उंचीवर आणि दुसरा खाली, गुडघ्याच्या जरासा वर. मधेच कळ आली की आई त्या बाईला आहे त्याच पायरीवर बसवी, तिचा हात खालच्या कठड्यावर ठेवी आणि स्वतः शेजारी बसून म्हणे, “कळ जाऊ दे, मग चढू.” घाई नाही, ओरडा नाही. पहिलटकरीण कितीही घाबरलेली असो, वर पोहोचेपर्यंत तिचा चेहरा निवळलेला असे. मी अभ्यास सोडून वरच्या कठड्यावरून ते बघत बसे. आई मला हुसकून लावत नसे. एवढं एक तिचं मला फार आवडे.

माडीतलं दुसरं मोठं प्रस्थ म्हणजे गंगूबाई. त्या मालवणच्या बाजूच्या, आणि बाळ-बाळंतिणीला मालिश करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोज सकाळी त्या पाय पसरून पाटावर बसत, बाळाला पायांवर घेत आणि खोबरेल तेलाने असं रगडत की नव्या आयांच्या डोळ्यांत पाणी येई. बाळ आधी आकांत करी आणि मग तिथेच पेंगू लागे. तेल चांगलं मुरलं की डाळीचं पीठ दुधात कालवून अंगाला लावायचं, हलक्या हाताने चोळून तेल काढायचं आणि वर ऊन-ऊन पाणी. शेवटी बाळ नुसतं लकाकत असे. गंगूबाईंचं ठाम मत होतं की जगातली कुठलीही गोष्ट तेल, पीठ आणि गरम पाणी यांनी ताळ्यावर येते, आणि त्यात त्या आपल्या जावयालाही धरत.

तर अशा त्या घरावर संकट आलं, ते मी बारावीत असताना. शेटजी कधीच देवाघरी गेले होते आणि माडी आता त्यांच्या नातवांच्या ताब्यात होती. नातू काही दुष्ट नव्हते. दिवाळीला मिठाई पाठवत, आईशी अदबीने बोलत. पण लोक आता मोठ्या इस्पितळांकडे वळू लागले होते, माडीतल्या निम्म्या खाटा रिकाम्या राहत होत्या, आणि शेजारचा प्लॉट घेतलेला बिल्डर त्यांच्या मागे लागला होता. त्याला त्या जिन्याचा भारी राग. अर्धं घर जिन्यानेच खाल्लंय, असं तो सगळ्यांना सांगत फिरे. ते खरंही होतं. पायऱ्या बुटक्या आणि रुंद ठेवायच्या तर जिना लांबच लांब जाणार; आमचा जिना दोन वळणं घेत सुस्त अजगरासारखा पसरला होता. घर पाडायचं जवळपास ठरलं. आम्हाला दूर विरारकडे जागा मिळणार होती, आणि आईला काहीच मिळणार नव्हतं, कारण तिच्या वयाच्या नर्सला नव्याने घेतंय कोण. आई घरात त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. पण काम करता करता ती नेहमी काहीतरी गुणगुणायची, ते बंद झालं. बाबांनी आम्हा मुलांना बाजूला घेऊन सांगितलं की आईला काही विचारू नका. मला इतका राग आला होता, की त्या बिल्डरची गाडी दिसली की मी सज्ज्यातून फुलझाडांना पाणी घालायला जाई.

आमच्या डॉक्टरीणबाई मात्र हात बांधून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. सडपातळ, कडक इस्त्रीच्या साड्या नेसणाऱ्या, आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांना कुठून तरी कळलं की शहरातल्या जुन्या, जपण्याजोग्या इमारतींची यादी करायचं काम सरकारने काढलं आहे, आणि एकदा त्या यादीत नाव गेलं की घर पाडता येत नाही. त्यांनी अर्ज केला, खेटे घातले, आणि शेवटी एका सकाळी पाहणीला माणसं येणार असल्याचा निरोप आला. त्यांना घर आवडलं तर माडी राहील, नाही आवडलं तर जाईल, इतका सरळ मामला होता. बाईंनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, “घर स्वच्छ ठेवा, बाकी काही करू नका.”

बाकी काही करू नका, असं गिरगावातल्या वाडीला सांगणं म्हणजे लग्नघरात कुणाला गप्प बसायला सांगण्यासारखं. पाहणीच्या आदल्या दुपारी बाई दुसरीकडे ऑपरेशनला गेल्या होत्या, आई एका अवघड बाळंतपणात अडकली होती, आणि वाडीतल्या बायका पदर खोचून माडीत दाखल झाल्या. काचा पुसल्या, पितळी कड्या चिंचेने घासल्या, सज्ज्यातली जळमटं काढली. सगळं झाल्यावर गंगूबाई जिन्याच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं फिनेलच्या पाण्याने पुसून पुसून जिन्याचं लाकूड पांढुरकं पडलं होतं. त्यांनी पायरीवरून तळहात फिरवला आणि त्यांचा जीव कळवळला. “बग गो, अंग कसा खरखरीत झालाहा,” त्या मला म्हणाल्या. “इतक्या पोरांक तेल लावलंय मी हयसर, पन ह्येका कोनी लावल्यान?”

आता हे ऐकल्यावर आम्ही कसल्या थांबणार. ज्याच्या घरी जे होतं ते आलं. खोबरेल, तिळाचं, एका घरातून चक्क केसांचं ब्राह्मी तेल. आम्ही जिन्याला मालिश केलं. हे मी अलंकारिक लिहीत नाही. गंगूबाई सांगत तसं वरून खाली, मग आडवं, मग कडेकडेने, तळव्याने दाब देत. पायऱ्या, दोन्ही कठडे, खांब, काही म्हणून सोडलं नाही. बायका अंगाई म्हणत होत्या आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या. लाकूड तेल पीत गेलं आणि त्याचा मुळातला तांबूस रंग उमटू लागला, तसा आम्हाला आणखीच चेव चढला. रात्रीत ते सगळं तेल मुरलं, म्हणून सकाळी सगळे खाली उतरल्यावर, पाहुणे यायच्या जरा आधी, गंगूबाईंनी पुन्हा एक हात मारला. त्या दोन दिवसांइतकं मी दुसरं कधी हसल्याचं मला आठवत नाही. जिना निसरडा होईल, हे त्या साऱ्या जमावात एकीच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला तेल लावलेल्या बाळांची सवय होती, आणि बाळावर कुणी चालत नाही.

पाहणीला तिघं जण आली. एक जाडजूड साहेब, एक टेप आणि पाटी घेतलेला तरुण, आणि पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या आर्किटेक्ट रेगेबाई. बाबांनी रजा घेतली होती आणि ते उगाचच लग्नातल्यासारखे दाराशी उभे होते. सुरुवात काही चांगली झाली नाही. साहेबांनी सज्जा बघितला, काचा बघितल्या, आणि डॉक्टरीणबाईंना स्वच्छ सांगितलं की असे सज्जे या भागात गल्लोगल्ली आहेत, याहून सुरेख आहेत, तेव्हा फार आशा ठेवू नका. बाईंचा चेहरा हलला नाही. आईने मात्र एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मग साहेब म्हणाले, चला, वरचा मजला बघून टाकू. ते पुढे, तरुण त्यांच्या मागे. दोघांच्याही बुटांना रबरी तळ होते म्हणून असेल, ते अडखळत, घसरत, खांबांना मिठ्या मारत कसेबसे पहिल्या वळणापर्यंत पोहोचले. रेगेबाईंच्या पायात कोल्हापुरी होती. त्यांनी पाऊल नेहमीसारखं उंच उचललं, ते खाली येऊन तेलावर पडलं, आणि त्या बघता बघता खाली बसल्या.

बाबांनी डोळे मिटून घेतले. आई धावत गेली, तिने रेगेबाईंच्या कमरेला, मनगटाला हात लावून बघितला. पायरीवर बोट ओढून ते नाकाशी नेलं, आणि मग तिची नजर गंगूबाईंवर गेली. गंगूबाई छताकडे बघत होत्या. “लागलं नाही हो,” रेगेबाई म्हणाल्या. “पण मला जरा इथेच बसू द्या.” त्या उठेनात. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग बसल्या बसल्या दोन्ही हात पायरीवर टेकून बघितले. उजवा हात वर नेला तर तो आपसूक खालच्या कठड्यावर पडला. तो कठडा त्यांनी मुठीत धरला, सोडला, पुन्हा धरला. “हा खालचा मला लहान मुलांसाठी वाटला होता,” त्या म्हणाल्या. “हा बसलेल्या माणसासाठी आहे. इथे कोण बसतं?”

आई सांगायला तोंड उघडणार, इतक्यात दारात गलका झाला. आमच्या शेजारच्या चाळीतली सुलभाताई, लग्न होऊन नाशिकला गेलेली, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचे दिवस भरलेच होते. तिची आई तिला हाताला धरून आणत होती आणि वाटेतच पाणी गेलं म्हणून रडत होती. आईने पाहणी, साहेब, यादी, सगळं क्षणात सोडून दिलं. ती सुलभाताईकडे गेली, तिला धरलं, आणि जिन्याकडे वळून म्हणाली, “गंगूबाई, मला हा जिना आत्ता कोरडा पाहिजे.” आवाज चढला नव्हता, पण आमच्या आईचा तो आवाज मी ओळखते.

“डाळीचा पीठ हाडा,” गंगूबाई म्हणाल्या. “तेल काढूक आनी काय लागता?”

काशीकाकूंनी पाहुण्यांसाठी कांदाभजी ठरवली होती, त्यासाठी काढलेलं पिठाचं पातेलं आधी आलं. मग त्यांचा डबा आला. मग वाडीतल्या घराघरांतून डबे आले, वाट्या आल्या, पिठाची पुडी घेऊन कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा आला. बायका गुडघ्यांवर बसून खालून वर पायऱ्यांना पीठ चोळत चालल्या, मागून मी आणि आणखी दोघी-तिघी गरम पाण्यात पिळलेल्या पंच्यांनी पुसत होतो, आणि आमच्या मागून कोरडी फडकी. पहिल्या वळणावर साहेब आणि तो तरुण अडकले होते. खाली उतरायची सोय नव्हती आणि आणखी वर जायची हिंमत नव्हती. पिठाचा धुरळा उठला होता आणि साहेबांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. त्यांनी एकदा काहीतरी विचारायचा प्रयत्न केला, तर काशीकाकूंनी त्यांना पाय उचलायला सांगितला आणि त्यांच्या बुटाखालची जागा पुसून घेतली.

आम्ही अर्ध्या जिन्यावर होतो तेव्हाच आईने सुलभाताईला घेऊन चढायला सुरुवात केली. त्या बुटक्या पायऱ्यांवरून सुलभाताई सपाट रस्त्यावर चालावं तशी चढत होती. थोडी वर आली आणि तिला कळ आली. आईने तिला होती त्या पायरीवर बसवलं. ती नेमकी रेगेबाईंच्या शेजारची जागा होती, कारण त्या अजून तिथेच बसून होत्या. सुलभाताईने एका हाताने खालचा कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने जे सापडलं ते, म्हणजे रेगेबाईंचा हात. साहेब वरून वाकून बघत होते. आईने मान वर न करता त्यांना भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, आणि शाळकरी पोरासारखे त्यांनी ते लगेच केलं. सगळ्यांचे हात थांबले. पिठाच्या वासात आणि त्या शांततेत आई म्हणाली, “कळ जाऊ दे, मग चढू.”

कळ गेली. सुलभाताईने श्वास सोडला आणि त्या अनोळखी बाईंकडे बघून कसनुसं हसली. रेगेबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सुलभाताईने त्यांची बोटं फार जोरात आवळली होती, त्यामुळेही ते असेल. मग सुलभाताई उठली, आणि रेगेबाईही उठून दुसऱ्या बाजूने तिला धरून चढू लागल्या. वळणावर भिंतीतल्या लाकडी बाकावर आणखी एक कळ, मग पुढचा जिना, मग बाळंतपणाच्या खोलीचं दार. दार लागलं. रेगेबाई बाहेरच उभ्या राहिल्या. पुढे आईने त्यांना सांगितलं होतं, की हा जिना कुणाला सुचला ते ठाऊक नाही, पण ज्याला सुचला त्याने कधीतरी एखादी अडलेली बाई उंच जिन्यावर पाहिली असणार.

खरं तर पाहणी संपली होती आणि त्यांनी जायला हरकत नव्हती. पण कुणी निघेना. त्या तरुणाने एकेका पायरीला टेप लावला, रुंदी घेतली, उंची घेतली, दोन्ही कठडे घेतले. मग रेगेबाईंनी साहेबांना जिन्यावर बसायला लावलं. साहेब बसले आणि त्यांचाही हात आपोआप खालच्या कठड्यावर गेला. “चमत्कारिक आहे,” ते म्हणाले, पण मघाच्या त्या तुटक सुरात नव्हे. भज्यांचं पीठ जिन्याला लागलेलं, तेव्हा काशीकाकूंनी होतं ते पुढे केलं. सरकारी पाहणीला आलेल्या त्या तिघांनी जिन्यावर ओळीने बसून अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खाल्ले. खास बाळंतिणीचे, भरपूर तुपातले. साहेबांना आवडले, त्यांनी मागून घेतले. बाबा हळूच मला म्हणाले, “आता यांना शेक-शेगडी पण देऊन टाका.”

आणि मग वरून रडणं ऐकू आलं. मला ते आवाज जन्मापासून सवयीचे, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. आई बाहेर आली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत, आणि म्हणाली, मुलगी. जिन्यावर, अंगणात, सज्ज्याखाली सगळी वाडी जमलेली होती, ती एकदम बोलायला लागली. साहेब उभे राहिले. त्यांच्या भुवयांवर अजून पीठ होतं आणि ते आईचं अभिनंदन करत होते, जणू बाळ तिलाच झालं होतं.

पावसाळा संपता संपता रेगेबाईंचा डॉक्टरीणबाईंना फोन आला. माडी यादीत गेली होती, आणि ती सज्ज्यासाठी नव्हे तर जिन्यासाठी गेली होती. नातवांनी थोडे दिवस तोंड पाडलं आणि मग तेच चारचौघांत आजोबांच्या जिन्याबद्दल अभिमानाने बोलू लागले. बिल्डरची गाडी दिसेनाशी झाली. आईला बातमी सांगितली तेव्हा ती बाळांचे लंगोट वाळत घालत होती. तिने उरलेले घातले, बादली उपडी केली, खाली जाऊन काशीकाकूंकडून कपभर चहा घेतला आणि जिन्यावर बसून सावकाश प्यायली. भर दिवसा, काम नसताना बसलेली आई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. मी वरून बघत होते. ती गुणगुणत होती, आणि मला हुंदकाच फुटला.

सुलभाताईच्या मुलीचं बारशात काहीतरी छानसं, त्या काळात चालणारं नाव ठेवलं, पण वाडीने तिला पिठी म्हटलं ते कायमचं. नाशिकला वाढलेली ही पिठी पुढे फिरून गिरगावातच सून होऊन आली. तोपर्यंत माडीतली बाळंतपणं बंद झाली होती. आमच्या डॉक्टरीणबाई गेल्या, गंगूबाई गेल्या, आणि त्यानंतर काही वर्षांनी आईही गेली. जवळच भुयारी रेल्वेचं खोदकाम चाललं होतं तेव्हा आम्हा जुन्या लोकांचा जीव टांगणीला लागला होता, पण माडीने तेही दिवस काढले. आता खाली बायका-मुलांचा दवाखाना आहे, आणि वर पिठी पाळणाघर चालवते. चालायला लागलेल्या पोरांना तो जिना असा मानवतो, की जणू त्यांच्यासाठीच बांधला होता.

आणि मलाही मानवतो. माझी साठी जवळ आली आहे, उजवा गुडघा डॉक्टरांच्या भाषेत झिजलेला आणि माझ्या भाषेत बंडखोर आहे. मुलाच्या दादरच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की मी वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहते. पण माडीत मी अजून कुणाचा हात न धरता चढते. परवा पिठीला भेटायला गेले होते. निम्म्या जिन्यात गुडघ्यात अशी काही चमक आली की मी खालचा कठडा धरून बसले. समोरून पाळणाघरातली एक चिमुरडी एकेक पायरी बसत-सरकत खाली येत होती. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली, तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

“कळ आली?” तिने विचारलं.

म्हटलं, “आली गं बाई.” तिने आपला चिमुकला हात कठड्यावर माझ्या हाताशेजारी ठेवला. माझ्या आईला तिने पाहिलेलं नाही. पिठी या पोरांना पडल्या-झडल्यावर असंच म्हणत असणार, आणि पिठीला तिच्या आईने सांगितलं असणार.

“जाऊ दे,” ती समजुतीने म्हणाली, “मग चढू.”